रतनकाकांची कळ

काशीदच्या त्या रेकॉर्डिंग स्टुडिओत मी दुसऱ्यांदा गेलो, ते प्रणालीचा फोन आला म्हणून. "बाबांचा जॅझचा अल्बम पूर्ण करतोय. वादकांचे फोटो तुम्हीच काढा," म्हणाली. नाही कसं म्हणणार? तिच्या बाबांच्या, रतनकाकांच्या फोटोनेच तर मला नाव मिळालं होतं.

तो फोटो कसा मिळाला ते सांगतो, आता लपवून तरी काय करू. लाल दिवा लागला की रेकॉर्डिंग चालू. मग कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. गेल्या वर्षी काका डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवत होते. छातीच्या आजाराने दम पुरत नव्हता, पण त्या वेळी सूर असा लागला की मला राहवलं नाही, शटर दाबलं. टिक. काचेपलीकडून प्रणालीने हात वर करून थांबवलं.

"कसला आवाज आला?"

"काका, तुमची कळ वाजली वाटतं," मी म्हणालो. सॅक्सोफोनच्या कळा बोटाखाली वाजतात कधीकधी. खपून गेलं.

म्हातारा ओशाळला. "व्हय, जुना झालाय तो. परत घेऊ." संध्याकाळपर्यंत बोटं जपून जपून वाजवत राहिले. तसं पुन्हा जमलं नाही. चार दिवसांनी काका गेले.

या वेळी मी शटरचा आवाजच बंद करून ठेवला. भर दुपार होती. लाल दिवा लागला. पियानो, बास, ड्रम... आणि मधे काकांसाठी मोकळी सोडलेली जागा. रिकाम्या खुर्चीपुढे त्यांचा माईक चालू होता. ते छातीला चोळायचे त्या निलगिरीच्या तेलाचा वास खोलीत येत होता. मी घाईघाईने सात फोटो काढले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीचा फोन. "दादा, बाबांच्या माईकवर सात वेळा टिक आलंय. आणि शेवटी कुणीतरी बोलल्यासारखं वाटतंय. ऐका जरा..."

मी ऐकलं. अगदी कानाजवळ, धापा टाकत...

"माझी कळ न्हाय वाजली, पोरी..."

"मला नुसती खरखर येते. तुम्हाला काही ऐकू येतं का?"

सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. "नाही," मी म्हणालो.

समोर टेबलावर कॅमेरा पडला होता, बॅटरी काढलेला. टिक झालं.

 प्रणाली हळूच म्हणाली, "दादा... हा तोच आवाज. तुमच्याकडून आला ना?"