चौथे छिद्र

मी जपानमध्ये इचिकावा येथे माझी कन्या केतकी आणि जावई चंद्रहासराव यांच्याकडे राहतो. त्या शनिवारी सकाळी केतकीने आम्हा दोघांचा डबा भरला आणि नेहमीचा टोला हाणला, "वांगं चिरताना बोट कापून घेतो, आणि म्हणे शिकारी!"

एरवी हसणारे चंद्रहासराव हसले नाहीत.

दहा वर्षे छऱ्याची बंदूक निर्दोष बाळगल्यावर त्यांना येथे रायफलीचा परवाना मिळाला होता. चिबाच्या दक्षिणेकडील एका खेड्यात रानडुकरे शेते उकरतात. तेथील शिकारी मंडळाचे ते सभासद आहेत. मेलेल्या जनावरातले शिसे खाऊन गरुड मरतात, म्हणून मंडळाने यंदा शिशाच्या गोळ्या सोडून तांब्याच्या घेतल्या. वजन तेच, म्हणजे नेमही तोच, असे अभियंता असलेल्या आमच्या जावयांनी खोक्यावरील आकडे वाचून ठरवले आणि नेमबाजीच्या मैदानावर न तपासताच ते रानात गेले. गोळी खाली उतरली. डुकराचा मागचा पाय मोडला आणि ते बांबूच्या बनात नाहीसे झाले.

त्याला तीन आठवडे झाले होते. गावकऱ्यांना ते पाय ओढत फिरताना दिसे.

"त्याला सोडवल्याशिवाय मला झोप नाही, अण्णा," गाडीत ते म्हणाले. "पण आज एकाही खोक्यातल्या गोळ्या नीट लागल्या नाहीत, तर सोमवारी परवाना परत करणार. दुसऱ्यांदा तसं करायचं नाही."

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले; मुंगीवरही पाय पडू नये अशा घरात वाढलो. तरीही त्या दिवशी त्यांचा नेम लागावा, अशीच प्रार्थना मी करीत होतो.

मैदानावर आमच्याखेरीज कोणी नव्हते. देखरेखीला असलेले निशिदा-सान आम्हाला पाहून वाकले. तांब्याच्या गोळ्यांची चार निरनिराळी खोकी, प्रत्येकातील तीन गोळ्या, शंभर मीटरवरील कागद. आणि प्रत्येक फेरीनंतर नळी थंड होईपर्यंत थांबणे. रायफलीला हात लावण्याची परवानाधारकाखेरीज कोणालाही मुभा नाही, म्हणून मला केवळ दुर्बीण मिळाली.

"तुम्हीच मोजा," चंद्रहासराव म्हणाले. "माझा माझ्यावर विश्वास राहिला नाही."

पहिल्या खोक्याच्या तीन गोळ्या झाल्या. मी मोजले.

"चार."

"अण्णा, चष्मा पुसा."

कागद आणवला. तीन छिद्रे वीतभर विखुरलेली होती. चौथे बरोबर मध्यावर होते.

"जुना कागद लागला असेल," चंद्रहासराव म्हणाले.

दुसऱ्या खोक्यालाही तेच घडले. तीन भरकटलेली, एक मध्यावर. तिसऱ्या वेळी निशिदा-सानांनी कोरा कागद उजेडासमोर धरून पाहिला, कोपऱ्यात आपली सही केली आणि तो स्वतः लावून आले. तीन बार झाले. तीन रिकामी काडतुसे त्यांनी तळहातावर घेतली.

कागदावर चार छिद्रे होती.

वारा पडलेला होता. शेजारच्या रिकाम्या बाकाकडून ओल्या मातीचा वास येत होता.

"नळी जुनी आहे," चंद्रहासराव अखेरीस म्हणाले. त्यांचा स्वर जरा चढला होता. "आतल्या आट्यांचा पीळ सैल आहे. तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब होते, तिला पुरेशी फिरकी मिळत नाही. चौथ्या खोक्यातली हलकी आहे, आखूड आहे. हिला मिळेल."

"मग झाडा," मी म्हटले. "विद्यार्थ्याने उत्तर आधी सांगून ठेवू नये."

ते किंचित हसले. मग त्यांनी श्वास अर्धा सोडला आणि रोखला.

तीन बार.

या वेळी कागदावर एकच भोक होते. कडा एकमेकींत मिसळलेल्या, तीन दलांच्या बेलपानासारखे. निशिदा-सानांनी त्यावरून बोट फिरवले. त्यात तीन गोळ्या आहेत की चार, हे त्यांनाही सांगता येईना.

"हीच घ्या," ते म्हणाले. मग ते शेजारच्या रिकाम्या बाकाकडे वळले आणि तेथे कोणी बसलेले असावे तसे कमरेतून खोल वाकले. त्यांना काही विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी, कोवळ्या उन्हात, आम्ही त्या खेड्यातील बांधावर बसलो होतो. जमीन कित्येक दिवस कोरडी होती. नवाच्या सुमारास बांबू हलले आणि ते डुक्कर बाहेर आले. मागचा पाय मातीत रेघ ओढीत होता.

ते थांबले. आमच्याकडे वळले आणि अंगाची एक बाजू देऊन उभे राहिले.

बार झाला.

ते जागच्या जागी बसले, मग आडवे झाले. एक झटकाही नाही.

चंद्रहासरावांनी रायफल रिकामी केली आणि तोंड ओंजळीत घेतले. तीन आठवड्यांचा श्वास त्यांनी सोडला. "सुटलं, अण्णा."

"दोघेही सुटलात," मी म्हटले.

आम्ही जवळ गेलो. मरणानंतर पशूचे डोळे उघडेच राहतात, असे चंद्रहासरावांनी मला वाटेत सांगून ठेवले होते. मी घाबरू नये म्हणून.

डोळे मिटलेले होते. दोन्ही पापण्यांवर माणसाच्या अंगठ्याएवढा ओल्या मातीचा ठसा होता, आणि तो अजून वाळला नव्हता.