सातव्या पानावरची फुली

विश्वास ठेवा, नका ठेवू. त्या गावच्या लायब्ररीत मी बावीस वर्षं काउंटरवर बसले. या गोष्टीतली पुस्तकं माझ्याच हातून गेली आहेत, आणि हिल्डाने जे सांगितलं ते मला सांगितलं.

१९८३ चा नोव्हेंबर. इंग्लंडचा ईशान्य किनारा. गुरुवार, दुपारचे चार. त्या दिवसांत तिथे चारलाच अंधारून येतं.

हिल्डा गार्साइड शेकोटीपाशी बसली होती. वय एकाहत्तर, हृदय पार खिळखिळं. नाताळ बघाल असं धरून चालू नका, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मरण्याआधी तिला एकच पुस्तक वाचायचं होतं.

जुन्या काळातल्या एका नामांकित लेखिकेच्या एकेचाळीस रहस्यकथा. हिल्डा आणि तिची धाकटी बहीण ईनिड एकाच घरात राहायच्या आणि त्या ओळीने, एकही न गाळता वाचायच्या. इतके खून वाचले की कोणतं झालं, कोणतं राहिलं, याचा गोंधळ उडतो. म्हणून आमच्याकडची म्हातारी मंडळी लायब्ररीच्या पुस्तकांत गुपचूप खुणा करायची. आम्ही काणाडोळा करायचो. ईनिड सातव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने फुली मारायची. हिल्डा शेजारी गोल काढायची.

ईनिडला एक वाईट खोड होती. कपावर पेन्सिल वाजवायची... टक... टक... आणि समोरच्याला विचारायची, "सांगू का शेवट?"

नको म्हटलं तरी सांगायची.

दोन वर्षांपूर्वी हिल्डा चर्चमधून परतली, तर ईनिड स्वयंपाकघरात पडलेली. कोळसा फोडायच्या हातोडीने कोणीतरी तिचं डोकं ठेचलं होतं. नऊ घाव. हिल्डाने बहिणीला ओळखलं ते स्वेटरवरून.

खुनी सापडला नाही.

ईनिडने नुकतंच संपवलेलं एकेचाळिसावं पुस्तकही सापडलं नाही. लायब्ररीत त्याची तेवढी एकच प्रत होती, आणि दुकानांत ते कधीच मिळेनासं झालं होतं.

त्या गुरुवारी दार वाजलं. शेजारचा लायनेल प्रिवेट, निवृत्त बसड्रायव्हर. ईनिड गेल्यापासून रोज सूप घेऊन यायचा बिचारा. तोही तीच पुस्तकं ओळीने वाचणारा.

"आज सूप नाही, हिल्डा. डोळे मिटा बघू."

तिच्या मांडीवर पुस्तक पडलं. एकेचाळिसावं.

"अहो, कुठे मिळालं?"

"यॉर्कला, जुन्या बाजारात. पहिलं पान फाटलंय. पण तुम्हाला काय, खुनी कळल्याशी कारण."

हिल्डाच्या डोळ्यांत पाणी आलं. नाताळ मिळो न मिळो, आता हे पुरं होणार होतं. सवयीने तिने पेन्सिल घेतली आणि सातवं पान उघडलं.

आकड्याखाली...

फुली होती.

"लायनेल, तुम्ही वाचलंत हे?" तिने जमेल तितक्या सहज विचारलं.

"अर्धंच."

"पुरं का नाही केलंत?"

त्याने पानावर टेकलेल्या तिच्या बोटाकडे पाहिलं. मग फुलीकडे. मग उठून दाराची कडी घातली.

"अकरा वर्षं ओळीने वाचली मी, हिल्डा. एकच उरलं होतं. ते मागायला आलो, तर ही बया कप वाजवत हसत उभी. हात जोडले मी. कान झाकले. तरी सांगितला शेवट."

"म्हणून जीव घेतलात तिचा?"

"निदान तुम्हाला तरी हे समजायला हवं."

त्याने शेकोटीजवळची हातोडी उचलली. हिल्डाला ओरडायला दम नव्हता. तिने हात आडवा धरला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिला आधी आला, कळ नंतर. हातोडी पुन्हा वर गेली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला...

टक... टक...

घरात तिसरं कोणी नव्हतं.

टक... टक... टक...

लायनेलचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद कर ते," तो ओरडला. हिल्डावर नव्हे. हातोडी घेऊन तो आत धावला. त्याच्यामागे दार आपटलं.

मग काहीच नाही...

मग कोणीतरी अगदी हळू काहीतरी विचारलं. तो आवाज हिल्डाने साठ वर्षं ऐकला होता.

"नको," लायनेल रडत म्हणाला. "नको ना सांगू."

पहिला घाव पडला. हिल्डाने मोजले.

नऊ.

ओरडा ऐकून शेजाऱ्यांनी बोलावलेल्या पोलिसांनी दार फोडलं, तेव्हा तो ईनिड पडली होती तिथेच पडला होता. चेहरा उरला नव्हता. मागचं दार आतून बंद. हातोडी त्याच्याच मुठीत. स्वतःला कोणी नऊ घाव घालू शकत नाही, असं सार्जंट मला स्वतः म्हणाला. कागदावर मात्र आत्महत्या लिहिलं.

इस्पितळात हिल्डाने ते पुस्तक पुरं केलं. पानं मी उलटली, शेवटच्या प्रकरणापाशी नजर दुसरीकडे वळवून. तिने डाव्या हाताने वेडावाकडा गोल काढला. चार दिवसांनी गेली. नाताळ नाहीच बघितला तिने.

पुस्तक लायब्ररीत कोणाला नको होतं. मी घरी आणलं.

माझीही ओळीने चाळीस वाचून झाली आहेत. एकेचाळिसावं कपाटात आहे. मी ते उघडत नाही. पण गेल्या गुरुवारपासून माझ्या स्वयंपाकघरात कप वाजतो आहे.

नको सांगू, असं मी तिला रोज म्हणते.

तिने कधी कोणाचं ऐकलंय?