वाघदेवाच्या डोंगरावरचं गाऱ्हाणं

दर सोमवारी सकाळी रवळू घाडी वाघदेवाच्या डोंगरावर उभा राहून गाऱ्हाणं घालायचा आणि तीस देश एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण अख्खा डोंगर त्या होकारावरच उभा होता. पोटात लोखंड, उशाशी कंपनीची यंत्रं आणि मध्ये जागतिक लवादाचा नियम: डोंगरावरून गाऱ्हाणं उठतंय आणि जगभरची खाणग्रस्त गावं त्याला साथ देतायत, तोवर सुरुंग लावायचा नाही. वाडीतली माणसं कधीच मुंबई-गोव्याकडे पांगली होती. रवळूला सोबत काय ती डोंगरावरच्या कर्ण्यातून येणाऱ्या देशोदेशीच्या आवाजांची.

पूर्वी पेरूची एउसेबिया "ओय माराका!" म्हणायची, मागे तिची कुत्री भुंकायची आणि हसण्याच्या नादात रवळू पुढचं गाऱ्हाणं विसरायचा. हल्ली ती अस्सल मालवणीत बोले. कुत्रं एकही नाही.

आवाजांचं हे जाळं तपासायला डॉ. शर्वाणी दातार आल्या, तेव्हा त्यानं त्यांना गाठलंच.

"बाय माझे, ही माणसां आसत, की भुतां?"

"काही छाया आहेत, आजोबा." यंत्र माणसाचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकतं, लकबी उचलतं, माणूस आजारी पडला, कामात अडकला, तर त्याच्या जागी बोलतं. लढ्यात खंड नको म्हणून.

"आणि मेलो तर?"

"तरीही."

"मगे जित्ती किती?"

"ते आम्हालाही कळत नाही. फरक ओळखता आला असता, तर कंपनीच्या वकिलांनी एकेक छाया वगळली असती. म्हणून तो आम्हीच पुसला."

"झकास! चोराक दिसा नये म्हणान घरवाल्याचेच डोळे फोडलात!"

शर्वाणी हसल्या, पण खाली बघून.

पुढच्या सोमवारी रवळूनं सुरुवात केली, "बा देवा वाघदेवा, जो कोण ह्या डोंगराक हात लावतलो, त्येचां..." आणि मुद्दाम थांबला. गाऱ्हाणं अर्धं राहिलं तर डोंगर जाईल, हे त्याला ठाऊक होतं. पण एक तरी जिवंत माणूस विचारील, 'रवळू, गप कित्याक रे?' तेवढं ऐकलं की लगेच पुढे बोलणार होता.

करवंदीच्या जाळीत वारा घुसला. बाकी सामसूम.

मग कर्ण्यातून आवाज आला. रवळूचाच. "...तोंड काळां कर रे म्हाराजा!" मधला दमसुद्धा हुबेहूब.

एउसेबिया जिवंत असलीच, तरी तिला काही चुकलं असं वाटायचं कारण उरलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" तीस देश गरजले.

आणि जन्मभराची सवय लागलेलं रवळूचं तोंड, त्याला न विचारता, त्यांच्यात मिसळून म्हणालं, "व्हय म्हाराजा."