आम्ही स्वतः वापरून पाहिलं

मिक्सर भिजू नये म्हणून मनालीने छत्री मिक्सरवर धरली होती आणि ती स्वतः भिजत होती. भांडुपचा चढ, सप्टेंबरात रेंगाळलेला पाऊस, अंगावर पाणी उडवत जाणाऱ्या रिक्षा... आणि लहान मूल घ्यावं तसा कडेवर घेतलेला 'गर्जना टर्बो'. बंद पडल्यापासून त्याचं वजन वाढलं होतं. चालू होता तेव्हा तो एवढा जड नव्हता.

'भाऊराव इलेक्ट्रिकल्स' या दुकानाच्या पत्र्याखाली ती शिरली. आत एक तरुण पंख्याचं पोट उघडून बसला होता. नाकावर ग्रीसचा एकच ठिपका, अगदी मोजून लावल्यासारखा. त्याने मान वर केली आणि आधी मिक्सरकडे पाहिलं. हे मनालीने नोंदवून ठेवलं.

"गर्जना," तो म्हणाला. जुना दोस्त भेटावा तशा आवाजात. "कपलर गेला. तीन महिने झाले?"

"तीन महिने चार दिवस."

"चार दिवस जास्त जगला. जपून वापरलात तुम्ही."

मनाली काही बोलणार, तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीवर एक फ्रेम होती. फ्रेमला प्लास्टिकच्या झेंडूचा हार होता. आत देव नव्हता, कुणाचे आजोबाही नव्हते. आत एका लेखाची प्रिंट होती...

'तुमच्या स्वयंपाकघरासाठी पाच सर्वोत्तम मिक्सर – आम्ही स्वतः वापरून पाहिलं!'

लेख मनालीचा होता.

"हे... हे काय लावलंय?" तिने विचारलं. आवाज जरा वर गेला.

"हे? यांच्यामुळे दुकान चाललंय, मॅडम." तो मिक्सर उलटा करत शांतपणे म्हणाला. "या लेखात गर्जनाला एक नंबर दिलाय. लोक वाचतात, घेतात, तीन महिन्यांनी इथे येतात. मागच्या वर्षी शटर ओढायच्या बेतात होतो. मग हा लेख आला. बाबा म्हणाले, हार घाल."

"आणि... लिहिलंय कुणी?"

"नाव नाही. नुसतं 'आम्ही' लिहिलंय. मोठी टीम असणार, सात-आठ जण तरी." त्याने तुटका कपलर चिमटीत धरून तिच्यासमोर नाचवला. "सात-आठ जणांनी वापरून पाहिला आणि हा एकालाही दिसला नाही. कमाल आहे ना?"

"कमाल आहे," मनाली म्हणाली.

"उद्या या. मी प्रबुद्ध. तुमचं नाव?"

एक क्षण तिला 'आम्ही' म्हणावंसं वाटलं. पण ती "मनाली" म्हणाली आणि पुन्हा पावसात गेली. यावेळी छत्री उघडायलाही विसरली.

आता खरं सांगायचं तर 'आम्ही' म्हणजे मनाली. एकटी. तिची 'घेऊ का नको' नावाची वेबसाइट होती. वस्तूंवर लेख लिहायचा, लेखात ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची, त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की थोडं कमिशन हिला. साइट लोकांना कळावी म्हणून ती दुसऱ्यांच्या साइटवर फुकटात लेख लिहायची आणि शेवटी हळूच आपल्या साइटचा पत्ता द्यायची. प्रश्न 'घेऊ का नको' असला तरी गेली दोन वर्षं उत्तर एकच होतं – घ्या. 'नको'ला कमिशन नसतं.

वस्तू तिने कधी हातात धरली नव्हती. ती इतरांचे लेख वाचून लेख लिहायची. ते इतर आणखी कुणाचे वाचून लिहायचे. या रांगेच्या टोकाला कुणीतरी एकाने खराखुरा मिक्सर पाहिला असेल, यावर तिचा भाबडा विश्वास होता. आणि 'मी वापरून पाहिलं' लिहिलं की वन रूम किचनमध्ये पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी दिसते. 'आम्ही' लिहिलं की पांढरे कोट घातलेली माणसं दिसतात.

गंमत अशी की साइटवर येणारी माणसं बहुतेक सगळी त्या मिक्सरच्या लेखासाठीच यायची. तो एक लेख म्हणजे अख्खी साइट. आणि घरी आई, म्हणजे सुगंधाबाई, मुदत देऊन बसल्या होत्या. दिवाळीपर्यंत साइटचं काही जमलं तर ठीक, नाहीतर अंधेरीला माधुरीमावशीच्या ऑफिसात बिलिंगला. लेकीला हातभार म्हणून गर्जना टर्बो त्यांनीच लेकीच्या लिंकवरून मागवला होता. तो वाटणाच्या ऐन मध्यात गेला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या –

"तूच लिवलंस मा गो, एक नंबर म्हणान?"

दुसऱ्या दिवशी मिक्सर मिळाला. तिथेच हे प्रकरण संपायला हवं होतं. पण मंगळवारी मनाली इस्त्री घेऊन दुकानात गेली.

प्रबुद्धने वायर पाहिली. बराच वेळ पाहिली.

"कापलीय ही."

"उंदीर," मनाली म्हणाली.

"उंदीर?"

"आमच्याकडे फार आहेत."

"कात्री वापरणारे?"

"...मुंबईतले आहेत ना."

तो हसला नाही. फक्त नाकावरचा ठिपका जरा हलला. वायर जोडता जोडता मनालीने सहज म्हणून विचारलं, "मिक्सरचा तो कपलर एवढा का जातो हो?"

"कपलर म्हणजे मिक्सरचा गुडघा," तो म्हणाला. "मोटार आणि भांडं जोडणारा. सगळा भार त्याच्यावर आणि कौतुक मोटारीचं."

मनाली घरी धावत गेली आणि हे वाक्य एका नव्या लेखात टाकून मोकळी झाली. तिच्या साइटवरचं ते पहिलं असं वाक्य होतं, जे बोलणाऱ्याने खरंच मिक्सर पाहिला होता.

मग पंख्याचा रेग्युलेटर झाला. टॉर्च झाली. घरातल्या वस्तू संपल्यावर तिने शेजारच्या गार्गीचा हेअर ड्रायर मागून आणला. तो ठणठणीत होता.

"याला काय झालंय?"

"आवाज येतो."

"ड्रायरला आवाज येतोच."

"जास्त येतो."

बाहेर पाऊस... तिच्या केसांतून पाणी काउंटरवर टपटप गळत होतं. प्रबुद्धने प्लग लावला, ड्रायर सुरू केला आणि काउंटरच्या पलीकडून, चेहरा अगदी तपासणी अधिकाऱ्यासारखा ठेवून, तिच्या केसांवर धरला. गरम वारा कानामागून गेला... केस उडाले... एक बट त्याच्या मनगटाला जाऊन चिकटली. दोघंही त्या बटेकडे बघत राहिले, जणू तीच दुरुस्तीला आली होती.

"आता?" त्याने विचारलं.

"आता... बरोबर येतोय आवाज."

"मग मिळाला फॉल्ट. छत्री विसरलीस तू."

'तू.' मनालीने हेही नोंदवून ठेवलं.

सगळं झकास चाललं होतं. म्हणजे एक मुलगी एका मुलाला रोज भेटत होती आणि ती कोण आहे हे सोडून बाकी सगळं खरं सांगत होती.

मग एका शनिवारी ती काउंटरपाशी उभी असताना शकुमावशी आल्या. हातात पिशवी, पिशवीत गर्जना. शकुमावशी इडलीचं पीठ विकायच्या. रविवारच्या ऑर्डरींवर त्यांचा आठवडा चालायचा.

"प्रबुद्ध, वाट लागली रे. तांदूळ भिजवून ठेवलेत आणि हा नुसता गुरगुरतो." त्या स्टुलावर बसल्या. "मी तर सुनेला वाचायला लावलं होतं सगळं. तिथं लिहिलंय ना – आम्ही स्वतः वापरून पाहिलं. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं, एवढी सगळी मिळून खोटं कशाला बोलतील?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण त्या फ्रेमकडे बोट दाखवून साध्या आवाजात बोलल्या आणि पदराने मिक्सर पुसत बसल्या. प्रबुद्धने हातातलं काम बाजूला ठेवलं, जुन्या गर्जनाचा एक कपलर काढून त्यांना तिथल्या तिथे बसवून दिला. मनालीने टॉर्च धरली. उजेड कपलरवर कमी आणि भिंतीवरच्या फ्रेमवर जास्त पडत होता.

"नीट धर ना गं," तो हळूच म्हणाला.

"धरते," ती म्हणाली. आणि त्याच्याकडे न बघताच निघून गेली.

त्या संध्याकाळी ती लॅपटॉप उघडून बसली. साइट वाचवायची तर काहीच करायचं नव्हतं. लेख आपला आपण चालला होता. फक्त मग उद्या त्या दुकानात टॉर्च धरायला जाता येणार नव्हतं... निदान वर बघून तरी नाही.

तिने अख्खा लेख पुसला. नवीन लिहिला. 'गर्जना टर्बो: नको.' खाली कपलर, बुश, कार्बन, प्रबुद्धने सांगितलेलं सगळं. शेवटी लिहिलं, 'घरातला जुना मिक्सर टाकू नका. भांडुपला भाऊराव इलेक्ट्रिकल्समध्ये दाखवा. याआधी इथे जे लिहिलं होतं ते न वापरता लिहिलं होतं. चुकलं.' पूर्ण लेखात एकही लिंक नव्हती. कमिशनवर चालणाऱ्या साइटवर हे म्हणजे मासळीवालीने ओरडून 'आज शिळे आहेत' सांगण्यासारखं होतं.

नऊ दिवस साइटवर शांतता. कमिशनच्या पानावर एक रेघ होती, ती आडवी झोपली. मनाली दुकानाच्या गल्लीतून जायची टाळू लागली, स्टेशनला जायला लांबचा रस्ता धरू लागली.

दहाव्या दिवशी लेखाखाली एक प्रश्न आला – 'ताई, आमच्या मिक्सरमधून जळका वास येतो, काय करू?' मग दुसरा. संध्याकाळपर्यंत चाळीस. त्यांत नालासोपाऱ्याहून एका काकांनी मिक्सरचे फोटो पाठवले होते, चारही बाजूंनी, लग्नासाठी मुलीचे पाठवतात तसे. सुगंधाबाईंनी लेख पहिल्यांदाच वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि लेकीच्या कौतुकाने भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला – 'ह्या माझ्या चेडवान लिवल्यान.' मग म्हणाल्या, "दिवाळी ऱ्हवांदे. शिमग्यापर्यंत बघ."

मनालीने चपला घातल्या.

ती दुकानात पोचली तेव्हा पाऊस होता आणि तिच्या डोक्यावर छत्री होती. हात रिकामे होते. काहीही न बिघडवता ती तिथे पहिल्यांदाच आली होती.

प्रबुद्धने वर पाहिलं. यावेळी थेट तिच्याकडे.

"काय झालंय?"

"काही नाही झालं."

"मग आज काही घेऊन नाही आलीस?"

"नाही... मीच आलेय."

भिंतीवर फ्रेम तशीच होती. हारही तोच. आतला लेख मात्र नवा होता – 'गर्जना टर्बो: नको.'

"मुलुंडहून एक आजोबा आले आज," तो म्हणाला. "लग्नातला मिक्सर घेऊन. एक्केचाळीस वर्षांचा. म्हणाले, इंटरनेटवर लिहिलंय, टाकू नका." त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "'आम्ही' म्हणजे किती जण होतात गं?"

मनालीने घसा साफ केला. "एक."

"वाटलंच. सात-आठ जणांनी मिळून इस्त्रीची वायर एवढी वाईट नसती कापली."

"तुला... कधीपासून माहीत होतं?"

"गुडघ्यापासून. मंगळवारी मी बोललो, बुधवारी साइटवर. मी रोज वाचतो ती साइट. पुढच्या तिमाहीत काय दुरुस्तीला येणार ते कळतं."

"मग बोलला का नाहीस रे?" ती जवळजवळ ओरडलीच.

"बोललो असतो तर तू आली नसतीस." त्याने ड्रॉवर उगाच उघडला, उगाच बंद केला. "शिवाय म्हटलं, सांगायचं की नाही ते तुझं तुला ठरवू दे. नऊ दिवस लावलेस. रोज एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन बघत होतो... तिथे चहा चांगला मिळतो म्हणून."

"चहावाला गावाला गेलाय ना?"

"हो. ते तिसऱ्या दिवशी कळलं."

मनालीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, त्यामुळे तिने फोन काढून त्यात तोंड घातलं. "चाळीस जणांनी प्रश्न विचारलेत. मला एकाचंही उत्तर येत नाही. म्हटलं, मिक्सर आणायचे, खरंच उघडून बघायचे आणि मग लिहायचं. हे बघ, नाव पण टाकलंय लेखाला... 'मी स्वतः उघडून पाहिलं.'"

"'मी' चुकीचं आहे. उघडणार मी, लिहिणार तू."

"मग 'आम्ही'च ठेवू?"

"आम्ही नको." तो पंख्याच्या पात्याशी बोलत असल्यासारखा म्हणाला. "आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. तिथे... 'आपण' लिही."

"आपण म्हणजे? आदराने बोलतात तो 'आपण', की 'आपण नाय घाबरत' वाला 'आपण'?"

"नाही गं..." ग्रीसच्या ठिपक्याभोवतीचं सगळं नाक लाल झालं. "साधा आपण. तू आणि मी... मिक्सर नसला तरी."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मनालीने 'मी' खोडलं. 'आपण' लिहिलं. मग बोट तसंच स्क्रीनवर ठेवून, दोन वर्षं वाचकांना जे कधीच विचारू दिलं नव्हतं ते तिने विचारलं.

"वॉरंटी किती?"

"मोटारीवर पाच वर्षं."

"आणि कपलरवर?"

प्रबुद्धने हात पुसले. आधी एक, मग दुसरा. मग एक हात काउंटरवर, तिच्या हाताच्या अगदी शेजारी ठेवला.

"कपलरवर आजीवन," तो म्हणाला.