मुरत ठेवलेली बोट

बोट बुडाली असती तर ती एवढी चिडली नसती. बोट बुडालेली नव्हती, हेच तर तिचं दुःख होतं.

तळ्यावर भुरभुर पाऊस होता. असा, की पडतोय की नाही हे शेजारच्याला विचारावं लागावं. ती थर्मास घेऊन धक्क्यावर आली, आणि जिथं काल तिची लाकडी बोट काठोकाठ पाण्याखाली होती, तिथं आज नुसतं तळं होतं. तिनं मान वळवली. पलीकडच्या उतारावर, ताडपत्रीखाली, बोट लाकडी ठोकळ्यांवर ऐटीत बसली होती. तिच्या पोटाशी गरम हवेचे दोन पंखे घोंघावत होते. आणि शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला एक तरुण तोंड उघडं टाकून झोपला होता.

तिनं पंखे बंद केले. त्या शांततेनं तो दचकून जागा झाला.

"तुमची का ही?" तो डोळे चोळत, पण छाती फुगवत म्हणाला. "काळजीच करू नका. वाचवली मी."

"काय केलंत?"

"वाचवली! काल घरी निघालो होतो, बघतो तर बुडत होती. नुसत्या कडा वर. कारखान्याची क्रेन आणली, ओढून काढली, पाणी उपसलं, रात्रभर वाळवली. आता खडखडीत आहे. एक थेंब सापडला तर नाव बदलीन."

तिनं वाकून पाहिलं. फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचं तळं दिसत होतं. आठवडाभरात कुठे मिटत आलेल्या भेगा पुन्हा दात काढून हसत होत्या. समोर हा उभा होता, तसाच.

"अहो महाराज," ती शक्य तितक्या हळू म्हणाली, "ती बुडत नव्हती. मी बुडवली होती."

"...का?"

"मुरायला!"

आता तुम्हीही त्याच्यासारखं बघू नका. लाकडी बोट बरेच दिवस कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात. अशी बोट थेट पाण्यावर सोडली तर चाळणी. म्हणून तिला आधी धक्क्याशी बुडवून ठेवायचं. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात. मग पाणी उपसायचं, इंजिन बसवायचं, आणि बोट तरंगायला मोकळी. त्या तळ्याच्या काठी पोरं बोलायला लागायच्या आधी हे शिकत. पण हा काठाचा नव्हता. पलीकडे पांढऱ्या बोटींचा कारखाना निघाला होता, तिथं आराखडे काढणारा नवा साहेब. त्याच्या बोटी साच्यातून ओतून निघायच्या, एकसंध, सांधा म्हणून नाही. फळीनं फळीला धरायचं असतं, हे त्याला कोण सांगणार?

"रविवारी फेरी आहे," ती म्हणाली. "जुन्या बोटींची. त्या दिवशी मला बाबांना हिच्यात बसवायचं होतं."

त्याचा चेहरा असा उतरला, की तिला उरलेलं भांडण गिळावं लागलं.

"मी परत बुडवतो," तो म्हणाला. "आत्ता. या हातांनी."

आणि खरंच, क्रेननं बोट परत धक्क्याशी पाण्यात सोडली, आणि रात्रभर ज्या बादलीनं त्यानं बोट रिकामी केली, त्याच बादलीनं सकाळभर ती भरली. धक्क्यावर चहाची टपरी चालवणारी तिची आत्या हे बघून इतकी हसली, की तिच्या हातून साखर दोनदा पडली. "अगं," ती भाचीच्या कानाशी लागली, "असा कामसू माणूस फुकट मिळतोय तर बोट आणखी एकदा वाळव की!"

*

आता बाबांचं सांगायला हवं. त्यांना सगळं तळं मिस्त्री म्हणायचं. जुने लोक सांगतात (आणि जुने लोक खोटं बोलत नाहीत, फक्त थोडं वार्निश लावतात) की मिस्त्रींच्या बोटींवर अशी चकाकी असायची, की बायका बोटीच्या अंगात बघून कुंकू नीट करायच्या. एकदा म्हणे एक बगळा स्वतःच्या प्रतिबिंबाच्या प्रेमात पडून तीन दिवस बोटीवरून हललाच नाही. शेवटी गिऱ्हाईक बगळ्यासकट बोट घेऊन गेलं.

मग पांढऱ्या बोटी आल्या. धुवायला सोप्या, वार्निश नको, मुरवणं नको. गिऱ्हाइकं तिकडे गेली. मिस्त्री तरी रोज कार्यशाळेत जात राहिले. पण गेल्या वर्षी कार्यशाळेत घसरून कंबरेचं हाड मोडलं, आणि बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते खिडकीतली खुर्ची फिरवण्याचं. पाठ तळ्याकडे, तोंड भिंतीकडे.

ही बोट त्यांनी लग्नाच्या वर्षी बांधली होती. बायकोला फिरवायला. मऊ तपकिरी लाकूड, पुढे किंचित वर उचललेलं नाक, लाल बैठक. आई गेल्यावर ती शेडमध्येच राहिली. लेकीनं ती बाहेर काढली ती एका हट्टापायी: बाबांची खुर्ची पुन्हा तळ्याकडे वळली पाहिजे.

*

तो रोज संध्याकाळी यायला लागला. म्हणायचा, "बोट बघायला." बोट पाण्याखाली होती, त्यात बघण्यासारखं फारसं नव्हतं. पण दोघंही धक्क्यावर पालथी पडून खाली वाकून बघायची, आणि पाण्यात बोटीच्या जागी दोन चेहरेच जास्त दिसायचे.

"एक विचारू?" ती एकदा म्हणाली. "रागावणार नसाल तर."

"तुम्ही असं म्हणता तेव्हा रागवण्यासारखंच काहीतरी असतं, हे मला कळलंय. विचारा."

"तुमच्या बोटी अशा... आडव्या पाडलेल्या फ्रीजसारख्या का दिसतात?"

"फ्रीज!" त्यानं छातीवर हात ठेवला. "परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, बुटासारखी दिसते. फ्रीज म्हणजे बढतीच झाली."

"हसण्यावारी नेऊ नका. एके काळी बोट पाण्यावर आली की काठावरची माणसं बोलायची थांबायची. आता तुमची बोट जाते... कुणी मान वर करत नाही. शान गेली कुठे?"

त्यानं हातानं पाण्यावर एक वळण काढलं.

"मी कागदावर पहिली बोट काढली ना, तिला असंच नाक होतं," तो म्हणाला. "थोडं वर. जणू कुणीतरी हाक मारलीय आणि तिनं मान उचललीय. मोठ्या साहेबांनी विचारलं, ह्या वळणाचा उपयोग काय? ट्रकमध्ये सपाट नाकाच्या चार मावतात, ह्या तीन. वळण गेलं. मग गिऱ्हाइकाला पेला ठेवायला खळगा हवा, गाणी हवीत, झोपायला गादी हवी, छत हवं. सगळं बसवता बसवता... शान बसवायला जागा राहिली नाही."

"शान बसवायची नसते हो. ती असते. फक्त काढून टाकायची नसते."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावरच्या बटेला वार्निश लागून ती कडक झाली होती, आणि वाऱ्यानं सगळे केस हलत होते, ती एक बट सोडून. तो त्या बटेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"पण एक सांगू?" तो घाईघाईनं म्हणाला. "आमच्या बोटीला मागे दार आहे. धक्क्याच्या उंचीला. माझ्या आईचे गुडघे गेलेत. ती त्यातून चालत आत येते, घरातल्या खोलीत यावी तशी. ते दार मी आखलंय. मोठ्या साहेबांशी भांडून."

"दार!" ती खळखळून हसली. "बोटीला दार! पुढच्या वेळी उंबरा पण करा, आणि बाहेर पायपुसणं!"

तो हसला, पण थोडंसंच. ते तिच्या लक्षात आलं. रात्री झोपताना पुन्हा आलं. आणि सकाळी बोटीच्या सुट्या बैठकीला वार्निशचा हात फिरवताना तिसऱ्यांदा आलं, तेव्हा तिनं ब्रश खाली ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, "हे काही खरं नाही."

*

शनिवारी बोट उपसली. भेगा मिटल्या होत्या; एकच, पुढच्या फळीतली, हट्टी, थोडी पाझरत होती. इंजिन बसलं, बैठक बसली. रविवारी ऊन पडलं. धक्क्यावर माणसं जमली. आत्याच्या हाताला धरून, दुसऱ्या हातात काठी घेऊन, मिस्त्री आले.

बोट पाण्यावर होती. नाक वर, अंग उन्हात पेटलेलं. काठावरची माणसं बोलायची थांबली.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग धक्क्याच्या कडेला आले. बोटीत उतरायचं म्हणजे खोल पाय टाकायचा, आणि त्या पायावर सगळा भार घ्यायचा. त्यांनी पाय उचलला. थांबले. पुन्हा उचलला. मागे घेतला.

"आम्ही धरतो ना, बाबा," ती म्हणाली. "दोघं-तिघं मिळून..."

"मला पोत्यासारखं उतरवायचं नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "छान केलीस. माझ्यापेक्षा छान. जा तू... फिरून ये." आणि ते वळले. घराकडे. त्या भिंतीकडच्या खुर्चीकडे.

तिला वाटलं, सगळे दिवस, सगळ्या बादल्या, सगळं वार्निश तळ्यात गेलं. आणि तेवढ्यात भर्रकन आवाज करत धक्क्याला एक पांढरी, बोजड, छपराची बोट टेकली. मागच्या बाजूनं. दार उघडलं. धक्का आणि बोट यांच्यात बोटभर फट, बाकी सगळं सपाट.

"मिस्त्रीकाका," तो दारात उभा राहून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ही बोट कुरूप आहे. मीच काढलीय, मला माहीत आहे. पण चालत येता येईल."

मिस्त्रींनी त्या बोटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, न्हाव्यानं दुसऱ्या न्हाव्यानं कापलेल्या केसांकडे पाहावं तसं.

"ह्या फ्रीजात मी बसू?"

"बसा काका. एक फायदा आहे. आत बसलं की फ्रीज दिसत नाही. बाहेरचं मात्र सगळं दिसतं."

आत्या फिस्सकन हसली. मिस्त्रींच्या मिशीलाही काहीतरी झालं. आणि काठी टेकत, पाठ ताठ ठेवून, ते स्वतःच्या पायांनी दारातून आत गेले. मागोमाग आत्याही शिरली.

ती धावत आपल्या बोटीत शिरली. इंजिन घुमलं. पुढे ती, मागे पांढरी बोट, मग बाजूबाजूनं. तळ्याच्या मधोमध तिनं वळून पाहिलं. बाबा कठड्याला धरून उभे होते आणि तिच्याकडे बघत होते. पण असे, की कुणी फार लांबचं बघावं.

"चाळीस वर्षं," ते सुकाणूच्या चाकाशी उभ्या पोराला म्हणाले, "चाळीस वर्षं मी ही बोट चालवली. चाकामागं बसलेल्याला आपली बोट कधी दिसतच नाही रे. पाण्यावर चालताना ती कशी दिसते, हे मी आज बघतोय." मग जरा थांबून, "तिची आई शेजारी बसायची. मी समोर बघायचो. ती अशी दिसत असणार... केस असे उडत असणार."

त्या वेळी न बोलणं त्याला सुचलं, यावर मिस्त्री त्याच्यावर कायमचे खूश झाले.

"तुझ्या बोटीचं नाक मात्र भयंकर आहे," ते म्हणाले.

"सपाट आहे."

"वर उचल. किती, ते मी दाखवीन. ये उद्या कार्यशाळेत. दार तसंच ठेव." मग त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "इथं काय उभा आहेस? ती एकटीच आहे, बोट एका अंगाला कलतेय. दिसत नाही?"

"काका, ही बोट कोण..."

"तीन तर बटणं आहेत," आत्यानं त्याला ढकलून चाक धरलं. "चहाच्या शेगडीला याहून जास्त आहेत. जा तू!"

दोन्ही बोटी अंगाला अंग लावून हळू झाल्या. त्यानं उडी मारली, आणि मिस्त्रींच्या चाळीस वर्षांच्या लाल बैठकीवर जवळजवळ पालथाच पडला. ती हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले, म्हणून ती चाकाकडेच बघत राहिली.

"तुमच्या दाराला हसले मी," ती म्हणाली. "चुकलं."

"एक माझंही चुकलंय." तो नीट बसला. "त्या रात्री बोट वाचवायला थांबलो, हे खरं. पण पंखे राखायला माणूस लागत नाही. ते आपले आपण चालतात."

"मग रात्रभर का बसलात?"

"म्हटलं... इतकी सुंदर बोट आहे, सकाळी तिचं माणूस येईलच. ते कसं आहे बघू."

"आणि?"

"आणि रोज येतोय की बघायला. बोट पाण्याखाली असतानासुद्धा."

तिनं चाकावरचा एक हात काढून बैठकीवर ठेवला, त्याच्या हाताच्या अगदी शेजारी. मधे बोटभर फट राहिली... आणि मग तीही राहिली नाही.

पायाशी गार लागलं म्हणून त्यानं खाली पाहिलं. पुढच्या हट्टी फळीतून पाणी आलं होतं, तळव्यापुरतं. त्याचा हात सवयीनं बादलीकडे गेला. मग तो थांबला. शहाणा झाला होता.

"उपसू?" त्यानं विचारलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "अजून मुरतेय."

पांढऱ्या बोटीत मिस्त्रींनी आत्याला खूण केली, आणि आत्यानं तीनही बटणं एकदम दाबली. बोट गाणी म्हणत, दिवे लावत, स्वतःभोवती गोल फिरली. काठावरचे लोक अजून सांगतात, की त्या दिवशी तो जुना बगळाही परत आला होता.

तेवढं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. खोटं वाटत असेल तर त्या घरापुढून जाऊन बघा. खिडकीतली खुर्ची आता तळ्याकडे तोंड करून आहे.