सुदामच्या नावाची गोळी

"माझ्या बायकोनं माझ्या आयला मारली का, येवढंच सांगा," सुदाम म्हणाला आणि निलम पागधरेच्या डहाणूतल्या कचेरीत मान खाली घालून बसला.

निलम खासगी तपास करायची. तिचा मदतनीस मनिष याला वाटलं, यात तपासायचं काय? सुनेनं सकाळी गोळ्या दिल्या. दुपारपर्यंत भिकी म्हातारी घामानं भिजली, थरथरली आणि गेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

"आईला होत होतं काय?" निलमनं विचारलं.

"गुडघा दुखं. बाकी काटक."

तलासरीपलीकडच्या पाड्यावर सुदामची बायको पुष्पा ओट्यावर बसली होती. तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

"मोठा फोन सगळ्या पाड्यात आमचाच," ती म्हणाली. "सासूच्या गुडघ्याचा फोटो फोनवरच्या डागतरला धाडला. लगेच चिठ्ठी आली. गोळी खाल्ली नि सासू म्हणं, भूक नाय. तशीच पडली."

अच्छाडचा औषधवाला नविनभाई चिडलाच. "चिठ्ठीवर सुदाम, वय तीस. सामने सुदामच उभा. मी गोळी दिली, माझं काय चुकलं?"

परतताना पाड्यातल्याच काकड्याच्या अंगणात निलम थांबली. म्हातारा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता.

"रक्ताचा कागद सुदामच्या फोनवर धाडला, आठ दिस झालं," तो कुरकुरला. "डागतरचा जबाबच नाय."

निलमनं सगळ्यांना सुदामच्या अंगणात बोलावलं.

"काकड्याबाबा, जबाब आला होता. तो भिकीच्या पोटात गेला."

तिनं सुदामच्या फोनवरची चिठ्ठी उघडून दाखवली.

"चिठ्ठीत गुडघ्याचं औषधच नाही. आहे ते रक्तातली साखर उतरवायचं. तो आजार तुम्हाला, भिकीला नव्हता. वर पोट रिकामं. साखर पार खाली गेली. म्हणून तो घाम, ती थरथर. फोन एक, नाव एक. डॉक्टरच्या लेखी सगळा पाडा म्हणजे तीस वर्षांचा सुदाम! त्यानं कागद पाहिला, माणूस नाही. गुडघा कुणाचा, रक्त कुणाचं, एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? नविनभाईंनीही विचारलं नाही. पोलिसांना मी हेच लिहून देणार."

मनिषला स्वतःची लाज वाटली.

"सासू नको म्हणं," पुष्पा हुंदका देत म्हणाली. "मीच म्हणलं, शिकलेल्या डागतरची हाय, घ्या."

"आणली मीच," सुदाम म्हणाला.

त्यानं मोटारसायकल काढली आणि काकड्याला सरकारी दवाखान्यात न्यायला मागे बसवलं. मग पुष्पाकडे पाहिलं.

"तू बी चल. बाबाला मागनं धरून बस."