देवाने नाकारलेला दूत

कार्पेथियन पर्वताच्या काळ्या कड्यांवर तांबडं फुटलं आणि झुरिदावा गडाच्या पायथ्याशी वेढा घालून बसलेली रोमन छावणी पुन्हा नजरेस पडू लागली. संकटसमयी झाल्मोक्सिस देवाकडे दूत पाठवायचा, ही गडावरच्या डेशियन लोकांची रीत. कौल लावून निवडलेल्या वीराला उभ्या भाल्यांवर फेकायचं. मेला तर देवाने गाऱ्हाणं ऐकलं, वाचला तर तो महापापी!

आज कौल द्रिगिसाला लागला होता. एकेक जण येऊन त्याच्या कानात देवासाठी निरोप सांगत होता.

"धनी, तुमच्या नावाने मान ताठ ठेवून जगेन," त्याची बायको झिना म्हणाली. द्रिगिसाचा ऊर भरून आला.

शेवटी गडाचा कारभारी पुरीदूर वाकला. "वीरा, देवापाशी माझ्यासाठी क्षमा माग. पोटचा पोर शत्रूच्या कैदेत आहे. त्याच्यापायी डोंगरातला आपल्या पाण्याचा नळ मी त्यांना दाखवला. आज उन्हं चढायच्या आत ते तो फोडतील."

घरचा भेदी लंका दाही! द्रिगिस ओरडणार, तोच पुजाऱ्याने रिवाजाप्रमाणे त्याच्या तोंडावर पट्टी आवळली. दूताने यापुढे फक्त देवाशीच बोलायचं. मरावं तर नाव राहील, पण गड पाण्यावाचून तडफडेल. जगावं तर झिनाच्या कपाळी पाप्याची बायको म्हणून जगणं येईल. चौघांनी त्याला झोका देऊन वर उडवलं, आणि द्रिगिसाने अंग पिळवटलं. एक भाला खांद्यात रुतला, त्या भाल्यासकट द्रिगिस बाजूला कोसळला, पण जिवंत राहिला.

"पापी! पापी!" गड गर्जला.

त्याने पट्टी ओरबाडली. "गडकरी महाराज, नळ वाचवा! या पुरीदुराने फितुरी केली आहे!"

"देवाने टाकलेल्याच्या जिभेवर विश्वास ठेवायचा, महाराज?" पुरीदूर शांतपणे म्हणाला. गडकऱ्याने मान फिरवली. झिनानेही फिरवली. घर फिरलं की वासेही फिरतात, ते असे!

त्याला दरवाजाबाहेर ढकलण्यात आलं. खांद्यातला भाला उपसून रक्तबंबाळ द्रिगिस नळाकडे धावला. तिथे कुदळी घेतलेले रोमन शिपाई आलेच होते. तो एकटा त्यांना भिडला. हत्यारांचा खणखणाट ऐकून पहारेकरी खाली धावले, शत्रू पळाला, नळ वाचला. द्रिगिस मात्र ते पोचण्याआधीच गतप्राण झाला होता.

"शत्रूला मिळायला गेला होता, त्यांनीच मारला," पुरीदूर म्हणाला, आणि ते सर्वांना पटलं.

झिनाने प्रेत पाहिलं. सगळे घाव छातीवर होते आणि पाठ नळाला टेकलेली होती. "मिळायला गेलेला माणूस असा मरतो?" तिने विचारलं. ती त्याचे पाय धरून रडत राहिली.

दुपारी गडावर सगळे पोटभर पाणी प्याले. पुरीदूरही प्याला.